पूर्वेकडची पट्टी

परभणीला शेतकी कॉलेजात तिसऱ्या वर्षी आम्हाला बागरचना नावाचा विषय होता. बाकीची पोरं त्याला फुलझाडांचा तास म्हणायची आणि मागच्या बाकांवर डुलक्या काढायची. मी मात्र त्या विषयावर जीव टाकला. म्हणूनच त्याची आठवण झाली की आजही तोंड कडू होतं.

आमचे सर पुण्याकडचे. पहिला महिनाभर त्यांनी बागेचं नावसुद्धा काढलं नाही, नुसतं बघायला लावलं. होस्टेलमागच्या कडुनिंबासमोर बसायचं, नजर झाडावर ठेवायची आणि कागदाकडे न बघता पेन्सिल चालवायची. मग फांद्या काढायच्याच नाहीत, फांद्यांच्या मधली मोकळी जागा तेवढी काढायची. मग एकाच बाभळीची सावली सकाळची, दुपारची, उन्हं कलल्यावरची. माझी पहिली बाभूळ बघून सर म्हणाले, हे झाड तू पाहिलेलं नाहीस, तुला माहीत आहे म्हणून काढलंस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाभळीखाली लहानाचा मोठा झालो आणि हा माणूस मला बाभूळ शिकवणार! पण दुसऱ्या दिवशी नीट बसून बघितलं, तर त्यांचंच खरं निघालं. शेंडा गोल नव्हताच. वाऱ्यानं तो एका अंगाला चेपला होता. तेव्हापासून मी त्यांचा झालो. "जे दिसतं तेच काढायचं," हे त्यांचं वाक्य मी गाठीला बांधून ठेवलं. भाबडा होतो.

पुढे वाऱ्याचा धडा आला. कुठल्याही जागेचा आराखडा करताना आधी वारा कुठून येतो ते बघायचं. आपल्याकडे तो बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. म्हणून बसायची जागा आणि ताटवे पश्चिमेला ठेवायचे, खताचा खड्डा, संडास असलं सगळं पूर्वेला, म्हणजे वास माणसांकडे येत नाही. सगळ्यांनी निमूट उतरवून घेतलं. माझा हात थांबला. आमचं गाव पेडगावच्या पुढे, आणि आमचा बौद्धवाडा गावाच्या पूर्वेला. झरीकडे मामाचं गाव, तिथंही पूर्वेलाच. जन्मापासून हे बघत होतो, पण कुणीतरी कधीकाळी वारा बघून आम्हाला तिथं बसवलं असेल, हे मला बागेच्या तासाला कळलं. आमची जागा खताच्या खड्ड्याच्या रांगेतली होती.

वर्षाच्या शेवटी सरांनी प्रत्येकाला आपापल्या गावाचा आराखडा करून आणायला सांगितला. गाव टेपनं मोजायचं, ठरलेल्या मापाच्या कागदावर काढायचं आणि गावात बाग कुठे करता येईल ते दाखवायचं. चांगल्या आराखड्यांचं पुढे प्रदर्शन लागणार होतं. मी एसटीनं गावी गेलो. टेपचं दुसरं टोक धरायला दादा, म्हणजे माझे वडील, मजुरी बुडवून आले. मारुतीच्या पारापासून सुरुवात केली. माणसं जमली, कशाची मोजणी म्हणून विचारू लागली. दादा टेप ताणून पुढे सरकत राहिले. गावातलं शेवटचं घर संपलं, उकिरडे ओलांडले आणि आमच्या वाड्याच्या तोंडाशी आल्यावर ते थांबले. म्हणाले, "तलाठ्याच्या नकाशात आपली घरं न्हाईत. म्या बघितलंय. तुज्या कागदावर तरी येऊ दे."

सगळ्यांना एकच स्केल दिलं होतं. त्या स्केलनं गाव कागदावर बरोबर बसलं आणि आमचा वाडा उजव्या कडेच्या बाहेर गेला. मी मागून कागदाची एक पट्टी खळीनं चिकटवली. तिच्यावर आमची घरं काढली, आमची वेगळी विहीर, विहार, विहारावरचा झेंडा. वर वाऱ्याचा बाण काढला, पश्चिमेकडून पूर्वेकडे. दुसरं काही लिहिलं नाही. बाण पुरेसा होता.

सर बराच वेळ बघत राहिले. अशी रेघ वर्गात कुणाचीच नाही म्हणाले. मग म्हणाले, पट्टी मात्र काढावी लागेल, प्रदर्शनाच्या चौकटी सगळ्या एका मापाच्या आहेत. मी म्हणालो, स्केल लहान करतो, रात्रभर बसून सगळं नव्यानं काढतो. ते म्हणाले, कशाला, बाग तर देवळापाशी दाखवलीयस, मुख्य गाव आलंय, त्या वस्तीनं आराखड्यात काही फरक पडत नाही. मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं. ते रागावलेसुद्धा नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, दिसतं ते काढायचं खरं, पण चौकटीत बसेल तेवढंच. मग फूटपट्टी लावून ब्लेडनं त्यांनी चिकटवलेला कागद कापला. हात जराही हलला नाही.

माझ्या आराखड्याला पहिला नंबर मिळाला. मी निरोप पाठवला नव्हता, तरी कुणाकडून तरी ऐकून दादा प्रदर्शन बघायला आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पार ओळखला, चावडी ओळखली, ओढा ओळखला. काचेला न लावता बोट हळूहळू उजवीकडे नेत गेले आणि चौकटीच्या लाकडापाशी थांबले.

"आपली घरं कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

मी काय झालं ते सांगितलं. सगळं सांगितलं, कापलेलंसुद्धा. तेवढ्यात सर आले. दादांना नमस्कार करून आदरानं म्हणाले, तुमच्या मुलाची नजर फार चांगली आहे, त्याला सगळं अचूक दिसतं.

दादा म्हणाले, "दिसतंय तर समदंच, सायेब. पन कागद तुमचा हाय."

सर हसले. त्यांना वाटलं, म्हातारा आभार मानतोय. दादांनी पटका नीट केला आणि चहासुद्धा न घेता स्टँडकडे चालू लागले. त्यानंतर ते कॉलेजात कधीच आले नाहीत. मला पदवी मिळाली त्या दिवशीही नाहीत.