जिनतबाईंचा तास आणि कारल्याचा रस

जिनतबाई शेख शनिवार पेठेतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते, त्यामुळे "तपासल्याशिवाय काही पुढं सरकवायचं नाही" हे बाळकडू घरचंच. आणि इथं तर पोरं मोबाईलवर दिसेल ते पुढं ढकलतात! बाई गप्प बसतात होय? त्यांनी आठवड्याला एक तास मागून घेतला आणि प्रत्येकाला डिजिटल पोर्टफोलिओ करायला लावला. म्हणजे आपली ऑनलाइन वहीच हो: माहिती कुठं सापडली, कोणी लिहिली, आधी काय खरं वाटलं, मग काय निघालं. नियम एकच, चुकलेलं पुसायचं नाही. त्या तासावर बाईंचा भारी जीव.

तो तास पुढच्या वर्षी ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला प्राचार्य आप्पासाहेब एका सोमवारी वर्गात आले. आता मुलांनी काय करावं? मॅडमची मान खाली जायला नको म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या चुका पुसून टाकल्या. पोर्टफोलिओ कसे, तर लग्नघरच्या पितळी भांड्यांसारखे लख्ख!

आप्पासाहेबांनी चार-पाच पाहिले आणि चष्मा काढला. "उत्तम. मुलांना सगळं येतंच आहे की. मग आपल्या तासाची गरज काय?"

पोरांनी चुका पुसल्यात, हे बाईंनी ओळखलं. बरं, रागवावं तरी कुणावर? प्रेमापोटीच केलं होतं मेल्यांनी.

तेवढ्यात मागच्या बाकावरची पूर्णिमा उठली. पोरगी यवतमाळची, एरवी तोंडातून शब्द काढेल तर शपथ. "सर, माझं पहिलं पान मी काल काढून टाकलंय. परत आणू?"

तिनं जुनी प्रत उघडली. घरच्या ग्रुपवरचा मेसेज होता: कारल्याचा रस प्या, डायबेटिसच्या गोळ्या सोडा. खाली तिनंच लिहिलेलं, "खरं आहे. बाबांना पाठवलं." त्याखाली पुढच्या आठवड्यातलं: लिहिणाऱ्याचं नाव नाही, डॉक्टरांचा आधार नाही, हाच मजकूर रस विकणाऱ्याच्या जाहिरातीत सापडला. आणि शेवटी, "बाबांना फोन केला. त्यांनी गोळ्या खरंच बंद केल्या होत्या. लगेच दवाखान्यात पाठवलं. आता बरे आहेत."

"लाज वाटली म्हणून पुसलं होतं," पूर्णिमा म्हणाली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. इतकं समाधान त्यांना आजवर कुठल्याही कौतुकानं दिलं नव्हतं.

आप्पासाहेब ते पान पुन्हा पुन्हा वाचत राहिले. "तास चालू राहील," एवढंच म्हणाले.

मुलं बाहेर पडल्यावर मात्र ते घुटमळले. "मॅडम, हा मेसेज आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवरही आलाय. मी मंडईतून रोज कारली आणतोय. गोळ्या... परत सुरू करू का?"

"ते डॉक्टरांना विचारा, सर. आजच्या आज. ग्रंथपालाला नव्हे," जिनतबाई म्हणाल्या. "आणि पुढच्या सोमवारी तासाला या. तुमचं पहिलं पान तयारच आहे."