गाळावरचा पालक

कापड रंगवणाऱ्या कारखान्यामागचा गाळ मी खत समजून वावरात टाकला. अमरावतीहून येताना दिसला होता. काळाभोर, ओलसर आणि फुकट. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "काका, कायचा हाये हा?" मी म्हणालो, "सोनं हाये. तू भर."

पालक असा फोफावला की माझा मलाच हेवा वाटू लागला. आमच्याकडे वावरातला पहिला माल घरच्या माणसांना वानोळा म्हणून जातो. सगळ्यात मोठी पिशवी अकोल्याला लेकीकडे गेली. तिला सातवा महिना. रक्त वाढेल म्हणून मी पुढेही पिशव्या पाठवत राहिलो.

मग कृषी सहायक वावरात आला. मी कौतुक ऐकायला छाती काढून उभा. त्यानं ढेकूळ बोटांत चोळलं अन् म्हणाला, "माती तपासून घ्या. तोवर हे भाजी कोणाले देऊ नका."

मी हसलो. तो हसला नाही.

मातीत शिसं निघालं, कॅडमियम निघालं.

"धुतल्यानं जाते ना?" मी विचारलं.

"पानावरचं जाते, काका. हे पानाच्या आत हाये. आईच्या रक्तातून लेकरापर्यंत पोचते."

मी लगेच लेकीला फोन लावला. "बेटा, पालक खाऊ नको."

"आताच जेवली, बाबा. कावून?"

"मंग सांगतो," म्हणून मी फोन ठेवला.

सहायकानं सांगितलं तसं करत गेलो. गाळाचा न पसरलेला ढीग ताडपत्रीत बांधून ठेवला, पालेभाजी उपटली, धातू मुळांपर्यंत कमी जावा म्हणून चांगलं कुजलेलं शेणखत घातलं. वर मोहरी पेरली. ती धातू थोडा थोडा ओढून घेते म्हणे. पण ती ना माणसानं खायची, ना गुरांना घालायची, ना जाळायची. माती सुधारायला वर्षं लागतील, असं तो म्हणाला. लेकीजवळ दोनच महिने होते.

अकोल्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रक्तात शिसं वाढलंय, फार नाही. पुन्हा तपासू, बाळाचंही जन्मल्यावर पाहू. 'काळजी करू नका' हे शब्द येतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. ते आले नाहीत.

बाहेर बाकावर लेक पोटावर हात ठेवून बसली. मला गप्प बसवेना. म्हटलं, "चला, थोडक्यात निभावलं."

लेकीशेजारी बसलेल्या बायकोनं मान वळवलीसुद्धा नाही. "आधी लेकरू धड येऊ द्या, मंग तोंड उघडजा."