खंगराच्या चार पाट्या

विद्यार्थी तिला पाठीमागे खापरबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, पण राग येत नसे. आयुष्यातली तीस-बत्तीस वर्षं खरोखरच खापरं धुण्यात, त्यांच्यावर नंबर घालण्यात आणि त्यांच्याकडे टक लावून बसण्यात गेली होती. प्राचीन इराण हा तिचा विषय. विद्यापीठात तो शिकवणारी ती एकटीच, म्हणून बसायला खोली मिळाली तीही जिन्याखालची. खुर्चीवरून जरा झटक्यात उठलं की डोकं आपटायचं.

तिचं नाव झालं ते पहिल्या पुस्तकाने. तिशीत असताना ती लागोपाठ पाच हंगाम इराणच्या पठारावर एका टेकाडाच्या उत्खननाला गेली. घरी लहान मुलगी, आणि रेल्वेच्या कचेरीत नोकरी सांभाळून तिच्या वेण्या घालणारा नवरा. टेकाडाच्या पोटात एक गोल खोली निघाली. गुडघाभर राख, मधे मातीचा ओटा, त्याला आरपार भोकं. शेजारच्या खोलीत नखाएवढी एक मुद्रा सापडली. तिच्यावर खुर्चीत बसलेली बाई. खापरबाईने ताडलं, हे अग्निगृह आहे. भोकं पवित्र धूर वर जायला, आणि मुद्रेवरची बाई त्या अग्नीची मालकीण, तिथली राणी.

‘राखेतली राणी’ हे पुस्तक हातोहात खपलं. मूळ हस्तलिखितात ‘कदाचित’ हा शब्द एकोणीस वेळा होता. प्रकाशकाने त्यातले सतरा काढले, आणि तिने काढू दिले. पुढे शाळेच्या पुस्तकात राणीवर धडा आला. मुलगी वर्गात मिरवायची, "ही माझ्या आईची राणी."

पंचावन्न उलटल्यावर रसायनशास्त्राच्या सरांनी एका प्रयोगासाठी जुन्या राखेचे नमुने मागितले. तिने तळघरातून काढून दिले आणि विसरून गेली. महिन्याभराने सर स्वतःच जिन्याखाली आले, वाकूनच बसले.

"बाई, ही राख शेणाची आणि काटक्यांची आहे. आच प्रचंड होती. आत वितळलेल्या मातीचे थेंब सापडलेत. तिथे भट्टी होती का हो?"

"अग्निगृह होतं," ती म्हणाली. पण म्हणतानाच तिची नजर वरच्या फळीवरच्या डायऱ्यांकडे गेली.

सर गेल्यावर तिने उत्खननाच्या डायऱ्या खाली काढल्या. तिसऱ्या हंगामाच्या वहीत, तिच्याच सुवाच्य अक्षरात, एक ओळ होती: ‘ओट्याभोवती खंगर, वाकडे भाजलेले घडे. चार पाट्या. कामाचे नाहीत. टाकून दिले.’

खंगर म्हणजे अति भाजून काळी पडलेली, वेडीवाकडी वीट. ती कुठे होते हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण ही ओळ लिहिली तोवर राणी तिच्या डोक्यात ठाण मांडून बसली होती, आणि राणीच्या घरात खंगराला जागा नव्हती.

तिने टेकाडावरच्या मुकादमाला फोन लावला. मजुरांच्या टोळ्या तोच सांभाळायचा. आता सत्तरीपार गेला होता. त्याची भाषा ती त्याच्याकडूनच शिकली होती.

"काका, त्या गोल खोलीतल्या काळ्या विटा आठवतात?"

"न आठवायला काय झालं? मीच वाहिल्या."

"ती भट्टी होती, काका."

पलीकडून तो म्हणाला, "मी तेव्हाच म्हणालो होतो, बाई. माझा आजा घडे भाजायचा. भोकांचा ओटा बघितला आणि तुम्हाला सांगायला आलो. तुम्ही म्हणालात, काका, तुम्ही खणा, अर्थ मी लावते."

तिला ते वाक्य आठवेना. पण आपण ते म्हटलं असणार याबद्दल तिला तीळमात्र शंका वाटली नाही.

"आणि आता काही बदलू नका," मुकादम पुढे म्हणाला. "इथे फाटक झालंय, राणीचा पुतळा झालाय. माझा मुलगा तिकिटं फाडतो. भट्टी बघायला कोण येणार?"

पुढची तीन वर्षं तिने दुसरं पुस्तक लिहिलं. त्यात राणी नव्हती. घडे भाजणारी माणसं होती, ओल्या मातीत उमटलेले त्यांचे अंगठे होते, बिघडलेला माल कुठे फेकत त्याचा नकाशा होता. मुकादमाचं म्हणणं त्याच्या नावानिशी पहिल्याच प्रकरणात होतं, आणि तिने त्याला दिलेलं उत्तरही. ‘कदाचित’ जिथे हवं तिथे होतं. इतकं चांगलं तिने आधी कधीच लिहिलं नव्हतं.

प्रकाशकाने हस्तलिखित चाळून परत सरकवलं. "बाई, स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेता? राणीची नववी आवृत्ती छापायला गेलीय."

"ती थांबवा."

"करारात तसं नाही," तो अगदी गोड आवाजात म्हणाला.

शेवटी विद्यापीठाने दोनशे प्रती छापल्या. त्यातल्या दीडशेवर जिन्याखाली, तिच्याच खुर्चीमागे रचून ठेवल्या. पाठ्यपुस्तक मंडळाला तिने तीन पत्रं धाडली. तिसऱ्याला उत्तर आलं: आपल्या धड्याबद्दल आभार, विद्यार्थ्यांना तो फार आवडतो.

निवृत्तीच्या समारंभात विभागप्रमुखांनी राणीवर वीस मिनिटं भाषण केलं आणि पहिल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ फ्रेम करून तिच्या हातात दिलं. ती बोलायला उभी राहिली. "हे पुस्तक चुकीचं आहे," तिने सांगितलं. "ती राणी नव्हतीच. मी पुरावा टाकून दिला, आणि ज्याला खरं कळलं होतं त्याला गप्प बसवलं."

सभागृहात कौतुकाचा हशा पिकला. "मोठी माणसं अशीच असतात," विभागप्रमुख माईकवर म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. रसायनशास्त्राचे सर तेवढे मान खाली घालून बसले होते.

मुलगी तिला घरी न्यायला आली होती. फ्रेम मांडीवर घेऊन खापरबाई गाडीत बसली.

"माझं दुसरं पुस्तक वाचलंस?" तिने विचारलं.

"वाचलं."

"मग?"

मुलीने रस्त्यावरची नजर काढली नाही. "खरं आहे सगळं, ते कळतं. पण आई, पाच वर्षं तू दर उन्हाळ्यात गेलीस. मी बाबांना विचारायचे, आई कुठे आहे? ते म्हणायचे, राणीकडे. मला ते चालायचं. राणीपुढे आपण कोण, असं वाटायचं." सिग्नल लाल झाला, तिने गाडी थांबवली. "भट्टीसाठी गेली होतीस हे आता या वयात कळून मी काय करू?"

मांडीवरची फ्रेम खापरबाईने उलटी केली आणि तशीच धरून बसली.