सांध्यावरची रेघ

आमच्या गल्लीच्या टोकाला पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाचे क्यू, म्हणजे चेंडू ढकलायच्या लांब लाकडी काठ्या, घडविणारा एक कारागीर राहतो. "कधी मिळेल?" या प्रश्नाला त्याचे उत्तर ठरलेले: "थांबा." त्यामुळे सारे त्याला थांबाकाका म्हणतात. लाकूड थोडे तासावे, दोरीला टांगावे, तीन महिन्यांनी पुन्हा तासावे, ही त्याची रीत. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. ते स्थिरावण्याआधीच रोगण चढविले, तर दोन लाकडांच्या सांध्यावर पुढे केसाएवढी रेघ उठते. म्हणून त्याच्या एका क्यूला दोन वर्षे लागत.

त्याची एकुलती लेक पूल उत्तम खेळे, तेही क्लबातल्या उसन्या क्यूने.

"बाबा, माझा क्यू माझ्या नातवंडांना देणार का?"

"तुझं लाकूड टांगलंय अजून."

तिच्या तेविसाव्या वर्षी डॉक्टरांनी जेमतेम सहा महिन्यांची मुदत सांगितली. त्याच संध्याकाळी त्याने ते लाकूड दोरीवरून उतरविले आणि अठरा दिवसांत क्यू पुरा केला. सांधा काचेसारखा गुळगुळीत होता. त्या क्यूने ती चार महिने खेळली. पुढे पुढे ती मूठ बरीच मागे धरू लागली; हातातले बळ सरले, असे आम्हां सर्वांना वाटले.

ती गेल्यानंतर पंधराव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. क्यू मांडीवर घेऊन तो सांध्यावरून अंगठा फिरवीत होता.

"रेघ उठली, मास्तर. पण पोर होती तोवर क्यू नीट राहिला. तेवढंच समाधान."

पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवता ठेवता त्याची पत्नी थांबली.

"तिला दुसऱ्याच महिन्यात लागली होती ती रेघ. टोचायची, म्हणून मूठ मागं धरायची."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मला म्हणाली, आई, बाबांना कळू देऊ नकोस. दुरुस्तीला म्हणून काढून घेतील, टांगून ठेवतील, आणि म्हणतील, थांब."

मग त्याने हलक्या आवाजात विचारले, "कुठं धरायची?"

पत्नीने त्याचा हात धरला आणि सांध्यापासून चार बोटे मागे नेऊन ठेवला. तेथले रोगण किंचित झिजलेले होते.