बॅटऱ्या हातगाडीवर होत्या

या सदरातले अतर्क्य अनुभव मी अनेक वर्षे वाचत आलो आहे, आणि मनापासून सांगायचे तर थोडे हसतच वाचत आलो आहे. स्वतः काही लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. निवृत्तीनंतर लेखणी हाती धरणाऱ्या माणसाने एवढ्या वाचकांसमोर यावे की नाही, या संकोचात बरेच महिने गेले. शेवटी ताई म्हणाली, "तू नाही लिहिलंस तर मी सांगत सुटेन, आणि मी सांगितलं तर त्यात दोन देव जास्तीचे येतील." म्हणून हे लिहितो आहे.

माझी सगळी नोकरी हैदराबादच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नव्हतो असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. त्यांच्याविषयी काही मत असण्याची मला कधी गरजच पडली नव्हती. विद्युतरसायन हा माझा आवडीचा विषय. शिशाच्या प्लेटा, त्यांच्यामध्ये पातळ केलेले सल्फ्युरिक आम्ल, आणि त्यातून निघणारी वीज... हे मी इतक्यांदा फळ्यावर मांडले आहे की त्यात काही गूढ उरले असेल असे मला वाटत नव्हते.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. ते गौलीगुड्यात राहतात, मी बरकतपुऱ्यात. त्यांचा एक जुना ट्रक होता. अफझलगंजच्या व्यापाऱ्यांचा माल नांदेड, उदगीर, लातूरकडे न्यायचा आणि तिकडची डाळ इकडे आणायची, हा त्यांचा धंदा. ट्रक स्वतः चालवायचे. मला ते 'प्रोफेसर' म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, याचे प्रमाण मला आजवर कळलेले नाही.

आमच्या दोघांच्या गप्पांना विषय एकच — बॅटरी. ट्रकला दोन बॅटऱ्या लागतात, एकीला दुसरी जोडलेली; इंजिनला पहिला फेरा देणारा सेल्फ त्यांच्याच विजेवर फिरतो. चांगल्या सांभाळल्या तर तीन-चार वर्षे जातात, नाहीतर दोन वर्षांतच मान टाकतात. दाजींच्या मात्र नेहमी इतरांपेक्षा जास्त चालत. सुरुवातीला ते त्यांत बोअरचे पाणी घालायचे. ते मी बंद करवले. त्यातले क्षार प्लेटांना खातात, हे कागदावर आकृती काढून समजावले, तेव्हा ते म्हणाले होते, "प्रोफेसर, एवढ्यासाठी एवढं शिकलात? 'खारं पाणी नक्को' म्हणाला असतात तरी ऐकलं असतं की हो."

पण डिस्टिल वॉटर घालायला लागले ते कायमचे. त्यासाठी त्यांचा दिवस ठरलेला होता — अमावास्या. आमच्याकडचे ट्रकवाले अमावास्येला गाडी बाहेर काढत नाहीत. गाडी धुतात, चाकांखाली लिंबे ठेवतात, नारळ फोडतात. पूजा झाली की इंजिन एकदा सुरू करायचे आणि लिंबांवरून गाडी पुढे घ्यायची. दाजींनी या पूजेला स्वतःची भर घातली होती. त्या दिवशी ते बॅटरीचे टर्मिनल गरम पाण्याने धुवायचे, त्यांना व्हॅसलीन लावायचे, सेलमधले पाणी बघायचे आणि पट्टा आवळायचे. पट्टा सैल राहिला की बॅटरी खड्ड्याखड्ड्याला आदळते आणि प्लेटांवरचा लेप झडून तळाशी बसतो. मग बॅटरी चार्ज व्हावी म्हणून इंजिन सुरू करून बराच वेळ तसेच चालू ठेवायचे, आवाज ऐकत उभे राहायचे, आणि स्टॉपर ओढून इंजिन बंद करताना दर वेळी एकच शब्द म्हणायचे — "भरली."

मग दाजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. व्यायाम घेणारी मुलगी रोज घरी यायची, पण ते हात तिच्या हाती देऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टर म्हणाले, सुधारणा होण्यासारखी आहे, पण त्यांनी मनावर घ्यायला हवे. ते मनावर घेत नव्हते. खाणेही हळूहळू कमी होत चालले होते.

ट्रक अफझलगंजला, नदीच्या अलीकडे, एका गोदामाच्या आवारात उभा होता. वर्ष उलटून गेले, उन्हाळा सरला. त्याला कोणी हातही लावला नव्हता. माझी भाची माधवी गच्चीबावलीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने ट्रक विकायचा विचार काढला आणि माझे मत विचारले. मी शास्त्रशुद्ध उत्तर दिले. वापराने बॅटरी झिजते हे खरे; पण अर्धवट रिकाम्या अवस्थेत उभी राहिली तर त्याहून लवकर मरते. प्लेटांवर सल्फेटचे पांढरे खडे धरतात, ते घट्ट होत जातात, आणि मग कितीही चार्जिंगला लावली तरी ती वीज घेत नाही. "जी गत बॅटरीची, तीच टायरांची आणि रबरी सीलांची. ठेवून काही उपयोग नाही," मी म्हणालो.

ताई सगळे ऐकत होती. माधवी आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "तुझं सगळं बरोबर असेल रे. पण गाडी गेली की हे पण जातील. मला दिसतंय."

तरीही भंगारवाल्याशी बोलणे झाले. माधवीच्या सुट्टीच्या सोयीने रविवार ठरला. तारीख मीच कळवली, कॅलेंडर न पाहता.

रविवारी सकाळी गौलीगुड्याला पोहोचलो तर ताई पिशवीत लिंबे आणि नारळ भरत होती.

"आज काय आहे माहीत आहे का तुला? अमावास्या. अमावास्येला कोणी गाडी हातची सोडतं का? भिंतीवर एवढं कॅलेंडर टांगलंय, ते काय शोभेला?"

"आई, प्लीज. तो माणूस टोचनची गाडी घेऊन निघालासुद्धा."

"निघू दे की. पूजा होईल, मग नेईल. आणि यांना पण न्यायचं."

"बाबांना? आई, ही विल बी अपसेट!"

"मग होऊ दे एकदाचे. भिंत बघून बघून काय कमी अपसेट झालेत?"

अशा रीतीने दाजी चाकांच्या खुर्चीसह अफझलगंजच्या आवारात आले. ऊन चांगले वर आले होते. भंगारवाले अजीजभाई आमच्या आधीच पोहोचले होते. शिसे वेगळे विकले जाते, म्हणून त्यांच्या माणसांनी सर्वांत आधी दोन्ही बॅटऱ्या पेटीतून काढून आवारातल्या हातगाडीवर ठेवल्या होत्या. ट्रकच्या बाजूला पेटी रिकामी, उघडी, आणि तिच्यातून केबलींची तोंडे खाली लोंबकळत होती.

सवयीने मी मल्टिमीटर बरोबर नेला होता. अजीजभाई म्हणाले, "देखो साब, कुछ जान है क्या इनमें?" मी झाकणे उघडली. सेल कोरडे ठणठणीत होते, प्लेटांवर पांढरट थर धरला होता. मीटर लावला. बॅटरी म्हणता येईल असे दोन्हींमध्ये काही उरले नव्हते. "खतम," मी सांगितले. मला आठवते, तो शब्द मी दाजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने उच्चारला, आणि लगेच ओशाळलो. ते खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

ताईने पुढच्या चाकांखाली लिंबे ठेवली, कुंकू लावले, नारळ फोडला. माधवीने मोबाईलवर व्हिडिओ घेतला. तो माझ्याकडेही आहे. नारळ फुटतो, तिथे तो संपतो.

पूजेनंतरचा रिवाज सगळ्यांना ठाऊक होता, आणि तो होणार नाही हेही. तेवढ्यात दाजींनी डावा हात उचलून केबिनकडे बोट केले.

"बाबा, गाडी चालू होणार नाही. बॅटरीच नाहीये तिच्यात."

हात खाली येईना.

"बसू दे की गं," ताई म्हणाली. "एकदा बसू दे."

अजीजभाईंच्या दोन माणसांनी आणि मी मिळून त्यांना वर चढवून बसवले. टोचन करून ओढून नेताना स्टिअरिंग अडकू नये म्हणून किल्ली तिथेच लावून ठेवलेली होती. मी खाली उतरून बॅटरीच्या पेटीजवळ उभा राहिलो. तिथून केबिनचे दार नीट दिसत होते. ते तोल जाऊन पडतील अशी मला भीती होती. त्यांनी डावा हात स्टिअरिंगवरून पलीकडे नेला. मला वाटले, नुसता हात लावतील, मनाचे समाधान होईल.

त्यांनी किल्ली फिरवून सेल्फ मारला. आणि सेल्फ फिरला.

हे वाक्य मी अनेकदा लिहून खोडले आहे. दुसरे कसे लिहावे, सुचत नाही. आधी तो जड, कण्हल्यासारखा आवाज, मग एक धक्का, मग काळ्या धुराचा लोट, आणि इंजिन चालू झाले. मी पेटीकडे पाहिले. पेटी रिकामी होती. केबलींची उघडी तोंडे इंजिनच्या हादऱ्यांनी थरथरत होती — हवेत, कशालाही न टेकता. मागे वळून पाहिले. बॅटऱ्या हातगाडीवर होत्या, आणि हातगाडी आवाराच्या दुसऱ्या टोकाला, पिंपळाच्या सावलीत होती.

"या अल्ला..." अजीजभाई म्हणाले. "साब, ये चल किसपे रही?"

माधवीने माझी बाही घट्ट धरली होती, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी. ताईने हात जोडले होते; पण ती गाडीकडे पाहत नव्हती, दाजींकडे पाहत होती. दाजी मान किंचित तिरकी करून ऐकत होते. पूर्वी ऐकायचे तसेच.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मी घड्याळ पाहिले नाही. मग त्यांनी स्टॉपर ओढला. इंजिन शांत झाले. आणि त्या शांततेत, झटक्यानंतर पहिल्यांदाच, आम्हा सर्वांना स्पष्ट ऐकू आले —

"भरली."

दाजींनी किल्ली काढली, डाव्या हातात धरली, आणि दाराबाहेर हात काढून अजीजभाईंपुढे केली. अजीजभाई ती घ्यायला तयार होईनात. "मैं हौला नहीं हूं भाभी, पागल नहीं हूं. ये गाडी मेरेकू नक्को." शेवटी ताईच पुढे होऊन म्हणाली, "घ्या भाईसाहेब. ते देतायत नं स्वतःच्या हाताने. घ्या." तेव्हा कुठे त्यांनी ती रुमालात घेतली.

आता माझ्या पेशाला जे करणे भाग होते ते मी केले — शक्यता तपासल्या. गाडी उतारावर घरंगळून सुरू झाली असेल का? आवार सपाट आहे, चाकांना दगड होते, आणि पुढच्या चाकांखालची लिंबे जशीच्या तशी अखंड होती. ती मी स्वतः उचलली. दुसरी एखादी बॅटरी कुठे लपवली होती का? अजीजभाईंनी पुढे तो ट्रक बोल्ट न् बोल्ट सुटा केला. त्यांना काही सापडले नाही. आम्हा सगळ्यांना एकाच वेळी भास झाला असेल का? गोदामाच्या भिंतीवर धुराचा काळा डाग पडला आहे. गेल्या महिन्यात मी तो पुन्हा पाहून आलो. डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की बॅटरीवाचून चालू शकते, एवढे मला मान्य आहे; पण सुरू व्हायला त्याला कोणीतरी फिरवावे लागते. ते कोणी फिरवले, हे मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. सगळे पांगायला लागले तेव्हा ताई म्हणाली, "त्या बॅटऱ्या परत एकदा बघतोस का रे, तुझ्या त्या मशीनने?" मीटर माझ्या हातात होता. हातगाडी समोरच होती. जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत आलो की शंका आली तर पुन्हा मोजा. मी हातगाडीपर्यंत गेलो, आणि मीटर खिशात टाकून परत आलो. अजीजभाईंचा माणूस ती हातगाडी ढकलत घेऊन गेला. त्या मेलेल्याच निघाल्या असत्या तर मला काय कळले असते? आणि नसत्या निघाल्या तर पुढे मी काय केले असते? मला दोन्ही उत्तरे नको होती. याचेही स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही.

दुसऱ्या दिवशी व्यायामाची मुलगी आली तेव्हा दाजींनी हात स्वतःहून पुढे केला, असे ताई सांगते. आता ते काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. शब्द मोजके, तुटक, पण येतात. अमावास्येला मी आवर्जून गौलीगुड्याला जातो. कॅलेंडर पाहायला शिकलो आहे.

परवाच्या अमावास्येला चहा घेताना त्यांनी बराच वेळ शब्द जुळवले आणि विचारले, "प्रोफेसर... त्या... मोजल्या?"

कशाबद्दल विचारत आहेत, हे मला लगेच कळले. "नाही, दाजी," मी म्हणालो.

उजव्या बाजूने त्यांना अजून हसता येत नाही. ते डाव्या बाजूने हसले, आणि माझ्या रिकाम्या कपात आपल्या बशीतला थोडा चहा ओतला.