एलियादादांचा मलिदा

...तर पोतं एसटीच्या टपावरून भोरच्या स्टँडात आपटलं, इथवर आपण आलो होतो. पोतं फुटलं आणि तेल काढायला आणलेली माझी सगळी खुरासणी डांबरावर. तिळाएवढा काळा दाणा तो, काळ्या डांबरावरून वेचायचा म्हणजे बघा. लोक हसत होते. मीही हसत होतो, दुसरं काय करणार? तेवढ्यात एक उंच माणूस केरसुणी आणि चाळण घेऊन आला, माझ्याशेजारी उकिडवा बसला, आणि खडे काढून काढून आम्ही दोघांनी पोतं परत भरलं. हे एलियादादा झिराडकर. नशीब असं, की तेलाचा घाणा त्यांचाच.

म्हटलं, आता गाळून द्या, हिर्डोशीची शेवटची गाडी गाठतो. तर म्हणाले, आज शुक्रवार, दिवस मावळला की घाणा थांबतो, तो उद्या चांदण्या दिसल्यावर. मी चिडलो. त्यांनी नुसतं हसून मला जेवायला बसवलं.

त्याला झाली पंचेचाळीस वर्षं. भोरात सगळे त्यांना शनवार तेलीच म्हणतात. शनिवारी घाणा बंद. दाराच्या उजव्या चौकटीवर एक तिरकी डबी, आत जाताना तिला बोट लावायचं आणि ते ओठाला. डबीत काय, विचारलं तर म्हणाले, देवाचं वचन, कातड्यावर लिहिलेलं. आंबे मोहरले की घरी मलिदा. भिजवलेले पोहे, खवलेलं खोबरं, गूळ, वर फळं. आधी त्यांच्या एलियाहू नबीची प्रार्थना, मग दार सताड उघडं, येईल त्यानं खावं. आमच्या हिर्डोशीच्या निम्म्या लोकांना नेमकं त्याच दिवशी भोरात काम निघायचं. मी तर ताट पुसून खायचो.

आता पुढचं सांगतो, आणि त्यात माझा हात आहे.

नातीनं मला मोबाईल घेऊन दिला. सकाळी आलेलं सगळं मी पुढं धाडतो. फुलं, देव, गुडघ्याची औषधं. वाचत बसत नाही. मागच्या दिवाळीनंतर एक लांबलचक मजकूर आला. यहुदी लोक जगभर कारस्थानं करतात, रोग पसरवतात, त्यांच्या हातचं खाऊ नका. मी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि पंचक्रोशीच्या ग्रुपवर सोडून दिलं. यहुदी कोण, कुठल्या मुलखाचे, मला काय ठाऊक? आपले शनवार तेली तेच, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी कधी लपवलं नव्हतं. मीच कधी विचारलं नव्हतं.

दुपारी कुणीतरी त्याखाली दादांच्या डबीचा फोटो टाकला. "आपल्या भोरातपण हाय एक. तेल बघून घ्या." खाली हसणारी तोंडं.

त्या हंगामात खुरासणीची पोती कापूरहोळच्या घाण्याकडं जायला लागली. एका बाईनं नेलेलं तेल परत आणून ओट्यावर ठेवलं आणि निघून गेली. मग एक दिवस डबीच कुणी उपटून नेली, खिळ्यांसकट.

ग्रुपवर बोलला तो एकटा संघपाल, आमच्या बौद्धवाडीतला, शाळेत मास्तर आहे. त्यानं लिहिलं, "हातचं खाऊ नका, हे माझ्या आज्यानं ह्याच गावात ऐकलंय. ज्यानं हे टाकलं त्यानं सांगावं, एलियादादांनी त्याचं काय बिघडवलं." त्याला उत्तर आलं, मास्तर, फॉरवर्ड हाय, मनावर कशाला घेता.

मी दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी एका बोटानं, तासभर खपून लिहिलं, की हे मीच टाकलं, न वाचता टाकलं, सगळं खोटं आहे, दादांचं तेल मी पंचेचाळीस वर्षं खातोय. पाचसहा जण ग्रुप सोडून गेले. बाकीच्यांनी वाचलं, पण संघपाल सोडून कुणी अक्षर लिहिलं नाही.

मग भोरला गेलो. चौकटीवर नुसती दोन भोकं. दादांची मुलगी रिबका पुण्याहून आली होती, बाबा आता तिकडंच चला म्हणून मागं लागली होती. त्यांची बायको गेल्याला सहा वर्षं झाली, इथं आहे कोण? दादांसमोर बसून मी सांगितलं, पहिला मीच. ते घाण्याला चिकटलेली पेंड नखानं खरवडत राहिले. तसेच म्हणाले, म्हाईत हाय. वर नाव दिसतं की तुजं. मला पहिल्याच दिवशी दाखवलं लोकांनी.

मी एवढंच विचारलं, की पुण्याला जाणार का, आणि मलिदा करणार की नाही.

"जात न्हाई कुठं. मलिदा करनार, खोबरं आनून ठेवलंय. पन अवंदा आतनं कडी लावून करनार, गेनू. तू ये. भायेरनं नाव सांग, मग उघडतो."