अडीच सेकंदांची व्हर्नेल

आमच्या इमारतीत अख्खं गाणं कधी ऐकूच यायचं नाही. मधल्या मोकळ्या जागेतून खाली तरंगत यायचे ते तुकडे. ढोलाचे दोन ठोके, कुणाचं तरी "हं", मग पुन्हा तेच ठोके, पुन्हा तेच "हं". ब्राँक्समधल्या उन्हाळ्याच्या दुपारी मी पंख्यासमोर डोळे मिटून पडलेली असायची आणि ते तुकडे माझ्या गुंगीत मिसळून जायचे. आपण कुठल्या सालात आहोत तेही कळेनासं व्हायचं. जाग आली की मात्र मी खिडकीतून ओरडायची, "थॅडियस, पुढचं गाणं हरवलं का रे तुझं?"

"पुढचं नकोच आहे, मिस डोरेथा! एवढंच झकास आहे!" तो वरून ओरडायचा.

थॅडियस बस चालवायचा. तिशी ओलांडलेला, दारात उभा राहिला तर दार भरून टाकणारा गडी. शनिवारी घरोघर फिरून जुन्या तबकड्या मागायचा. त्यातला त्याला आवडलेला दोन सेकंदांचा तुकडा तो आपल्या यंत्रात भरायचा आणि बोटांनी कळा दाबत त्याचं नवं गाणं करून बागेत लोकांपुढे वाजवायचा. तबकडीवरचं नाव पाण्यात भिजवून खरवडून काढायचा, दुसऱ्या वाजवणाऱ्यांना पत्ता लागू नये म्हणून. माझ्या गेलेल्या नवऱ्याच्या सगळ्या तबकड्या त्यानं अशाच बोडक्या केल्या. मी त्याला चोर म्हणायची, तोंडावर. तो हसायचा आणि माझ्याकडचा मक्याचा पाव खाऊन जायचा.

लुर्लीन बॅस्कम माझ्या शेजारच्या दारातली. एकवीस वर्षं आम्ही एकाच धुलाई कारखान्यात इस्पितळाच्या चादरींना इस्त्री केली, तिचं यंत्र माझ्या यंत्राला लागून. वाफ सुटली की ती दिसेनाशी व्हायची, नुसतं तिचं गुणगुणणं ऐकू यायचं. बाईनं दोन नवरे केले, दोन्ही सोडले, आणि त्यांचा विषय काढला की "कोण?" म्हणून विचारायची. हसवून मुरकुंडी वळवायची. चर्चच्या गायकांत तिच्यासारखा आवाज दुसरा नव्हता. पण एकटीनं गायला उभं केलं की लगेच तिचा घसा बसायचा. पाद्रीबाबा विनयाचं कौतुक करायचे. मला खरं ठाऊक होतं, कारण एकदा त्या वाफेतच तिनं मला सांगितलं होतं.

तिची धाकटी बहीण व्हर्नेल. दोघी साउथ कॅरोलिनाहून आलेल्या. पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात त्या समुद्रकाठच्या जत्रेत गेल्या. तिथे एक लाकडी खोकं होतं. आत उभं राहून नाणं टाकायचं, गायचं, आणि बाहेर तुमच्याच आवाजाची छोटी तबकडी पडायची. पासष्ट सेकंदं मिळायची. वाटाण्याच्या शेंगा सोलताना त्यांची आई एक गाणं रचून म्हणायची, ते दोघींनी निम्मं निम्मं गायचं ठरलं. लुर्लीननं सुरुवात केली आणि ती थांबेचना. आपला आवाज तिला इतका गोड लागला. व्हर्नेलच्या वाट्याला शेवटची चार सेकंदं आली. "दार लावू नका गं, मी अजून..." एवढं म्हणेपर्यंत तबकडी संपली. पुढचं "वाटेत आहे" खोक्यातच राहिलं. व्हर्नेल हसली म्हणे, "पुढच्या वर्षी माझा नंबर आधी." त्या हिवाळ्यात न्यूमोनियानं गेली. एकोणीस वर्षांची होती.

लुर्लीननं ती तबकडी पहिल्या वर्षी दर रविवारी लावली. ती स्वस्तातली, मऊ लेपाची चीज. दर वेळी सुई तिचा थोडा थोडा आवाज खात होती. ते कळल्यावर तिनं तबकडी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवली. तीस वर्षं लावली नाही.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये तिनं ती थॅडियसच्या खोलीत जाऊन त्याच्यापुढे ठेवली. मी तिथेच होते, मक्याचा पाव घेऊन आलेली. आधी वर्षभर तिनंही त्याला माझ्याइतकंच चोर म्हटलं होतं. पण त्याच्या खिडकीतून त्या आठवड्यात कुणा मेलेल्या गायिकेचा हुंकार शंभर वेळा आला होता, आणि ती माझ्या स्वयंपाकघरात चमचा हातात घेऊन तशीच उभी राहिली होती.

थॅडियसनं तबकडी उजेडात धरून फिरवली. "मिस लुर्लीन, हिच्यावरून सुई एकदा जाईल. दुसऱ्यांदा जाईल असं मी नाही म्हणणार."

"मग एकदाच ने."

"अजून एक भानगड आहे. माझ्या यंत्राच्या एका कळेत अडीचच सेकंदं मावतात."

लुर्लीनचं तोंड उतरलं. "तिची चार आहेत रे राजा. परत अर्ध्यातच तोडणार का तिला?"

 थॅडियस उठला, आणि पलंगाखालून शाळेतलं मोडीत निघालेलं तबकडीयंत्र काढलं. त्यात जुना, सगळ्यात जलद वेग होता. "हिला पळवतो," तो म्हणाला. "भरभर गाऊ दे, म्हणजे मावेल. आत गेली की मी हळू करतो."

"आणि नाही मावली तर?" मी विचारलं.

"मिस डोरेथा, तुम्ही जरा पाव खा."

सुई टेकली. लुर्लीनच्या गाण्याची साठ सेकंदं पोरासोरांच्या चिवचिवाटासारखी पळाली, खरखरीत बुडत. थॅडियसनं बोट कळेवर टेकवून ठेवलं होतं. मग एक बारीकशी चिक झाली, उंदराची व्हावी तेवढी, त्यानं कळ दाबली, आणि सुई लेप ओरबाडत मधोमध घसरली. तबकडी संपली.

"ती होती?" लुर्लीननं विचारलं. तिच्या आवाजात इतकी भीती होती की मला थॅडियसच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

तो एक खटका हळूहळू सरकवत होता. चिक जाड झाली, लांबली, बाईचा आवाज झाली. जरा बसका, वाळूतून चालल्यासारखा. "दार लावू नका गं, मी अजून..." आणि तुटलं तिथेच पुन्हा सुरू झालं. "दार लावू नका गं, मी अजून... दार लावू नका गं..." त्यानं खाली संथ ढोल सोडला. आता ते तुटत नव्हतं, नुसतं वळत होतं. खोलीत ऊन पडलं होतं, पडदा हलत होता, आणि एकोणीस वर्षांची पोरगी थकायचं नाव न घेता गात होती. मी रडले. सांगायला लाज कसली?

थॅडियसनं मायक्रोफोन लुर्लीनपुढे धरला. "पुढचं तुम्ही म्हणा ना. ती 'मी अजून' म्हणते, तुम्ही 'वाटेत आहे' म्हणा. बागेत वाजवीन तेव्हा लोक वेडे होतील."

माझ्याही जिभेवर ते शब्द आले होते. लुर्लीनच्या ओठांवर तर होतेच. मला दिसत होते. तिनं मायक्रोफोनवर तळहात ठेवला आणि तो हलकेच खाली केला.

"बागेत वाजव, हवं तिथे वाजव," ती म्हणाली. "पण मला मध्ये घेऊ नकोस. तिच्या वाटची सेकंदं मी आधीच खाल्ली आहेत."

थॅडियसची बसची वेळ झाली, तो टोपी घालून गेला. यंत्र चालूच ठेवून गेला. आम्ही दोघी पलंगाच्या कडेवर बसून राहिलो. लुर्लीननं ओठ घट्ट मिटून घेतले होते, आणि व्हर्नेल गात होती.